पडीक कुणाला म्हणता?



सरकारच्या दप्तरात एक शब्द आहे : पडीक. ज्या जमिनीवर ऊस नाही, गहू नाही, कारखाना नाही, बंगला नाही, ती पडीक. इंग्रज साहेब घोड्यावर बसून दख्खनच्या माळावरून गेला. सारा देणारं रान दिसलं, ते त्याने वहीत धरलं. सारा न देणारं रान दिसलं, त्याच्यापुढे वेस्ट असं लिहिलं. कारकुनाने त्याचं मराठी केलं. साहेब गेला, शब्द राहिला.

गोदीत काम करणाऱ्याला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. मालावर खडूची फुली पडली की तो माल डॅमेज. मग आत काय आहे ते कुणी बघत नाही. लाथ मारा, ओढा, पावसात टाका, लिलावात फुंका. फुली मारणाऱ्याच्या हातात सगळी सत्ता. या देशात जमिनीवर फुली मारणारा आणि माणसावर फुली मारणारा हात एकच आहे. त्याने माळाला पडीक म्हटलं, आम्हाला अस्पृश्य म्हटलं, आणि दोघांनाही गावाच्या कडेला टाकलं.

या अंकाचं संपादकीय गवतावर आहे. हसू नका. ॲट्रॉसिटी, बेकारी, शिष्यवृत्ती, झोपडपट्टी सोडून पोरं गवतावर कुठून आली, असं म्हणणार असाल तर जरा दम धरा. ऐरोली, दिघा, रबाळे, घणसोली इथल्या वस्त्यांत कित्येक घरांची नाळ मराठवाड्यात, सोलापुरात, नगरात पुरलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात आपली आजी-आजोबांची पिढी पोटाला चिमटा लावून निघाली. कुणी पारसिकच्या डोंगरात खडी फोडली, कुणी केमिकलच्या कारखान्यात फुप्फुसं जाळली. सगळं घर आलं नाही. एक भाऊ मागे राहिला, एक चुलता राहिला, एक म्हातारी राहिली. ती माणसं ज्या तुकड्यावर राहिली, तो तुकडा बऱ्याच वेळा गायरानाचा होता. २०२२ च्या शेवटी ऐरोलीतल्या पोरांच्या मोबाइलवर गावाकडून फोन यायला लागले : नोटीस आलीय, गायरान मोकळं करा. म्हणून हे गवताचं प्रकरण आपलं आहे. आपण ते नीट समजून घेतलं नाही, तर दुसरे आपल्या नावावर त्याचा निकाल लावतील.

प्रथम हिशेब. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली गायरानावरची अतिक्रमणं काढा म्हणून सरकारला फटकारलं. तेव्हा सरकारनेच सांगितलेला आकडा असा : राज्यात गायरान सुमारे ४ लाख ५२ हजार हेक्टर. त्यातलं अतिक्रमणाखाली सुमारे १० हजार हेक्टर. बांधकामं २ लाख २२ हजारांच्या वर. म्हणजे सरकारच्याच कागदाप्रमाणे शंभर हेक्टरांतले दोन-सव्वादोन हेक्टर. सगळी बोंब या दोन हेक्टरांची. मग उरलेल्या अठ्ठ्याण्णव हेक्टरांवर गवत डुलतंय का? माळढोक नाचतोय का? जाऊन बघा. तिथे वेडी बाभूळ माजलीय, मुरूम उपसून खड्डे पडलेत, कुठे गावाचा कचरा, कुठे साखर कारखान्याची मळी, कुठे सोसायटीच्या चेअरमनची वीटभट्टी. तिकडे बुलडोझर जात नाही. बुलडोझरला पत्र्याचं घर लवकर दिसतं.

आता गवत म्हणजे काय ते बोलू. कारण या बाबतीत आपल्यालाही शाळेने अडाणी ठेवलं. शाळेत शिकवलं : जंगल म्हणजे झाडं, झाडं म्हणजे पाऊस, जिथे झाडं नाहीत तिथे काही नाही. साफ खोटं. सह्याद्रीच्या पूर्वेला, पावसाच्या पडछायेत, पुणे-नगर-सोलापूर-बीडचा जो माळ आहे, तो तुटलेलं जंगल नाही. तो मुळापासून माळच आहे. २०२५ साली दोन संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी जुनं मराठी वाङ्मय, ओव्या, चरित्रं, लोककथा चाळून त्यांतली झाडंझुडपं तपासली. उत्तर आलं की साडेसातशे वर्षांपूर्वीसुद्धा हा मुलूख गवताचा आणि काटेरी विरळ झाडांचाच होता. विद्यापीठाला हे कळायला २०२५ उजाडलं. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराला आणि भारा बांधणाऱ्या आपल्या आयांना ते कायम माहीत होतं. त्यांना गवत हा एक शब्द पुरत नव्हता. मारवेल वेगळं, पवना वेगळं, डोंगरी वेगळं, कुसळी वेगळं. कुठलं दुभत्याला, कुठलं छपराला, कुठलं कोवळं असतानाच कापायचं, कुठलं पायात रुततं, हे सगळं तोंडपाठ.

कुसळीचं बघा. तिच्या बियाला लांब शेपूट असतं. हवेत ओल आली की ते शेपूट पिळा सोडतं, वाळलं की पुन्हा पिळा घेतं. असं वळत वळत ते बी स्वतःच जमिनीत भोक पाडून आत घुसतं. कुणी पेरायला लागत नाही. कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. अशा जिवाला तुम्ही पडीक म्हणता?

गवताचा खरा संसार जमिनीखाली असतो. वर गुडघाभर, खाली मुळांचं दाट जाळं. उन्हाळ्यात वरचं वाळतं, जळतं, जनावर खातं, मूळ जिवंत राहतं. पहिल्या पावसाला माळ पुन्हा हिरवा. हवेतला कार्बन हे गवत मुळांवाटे मातीत नेऊन पुरतं. झाडाचा कार्बन खोडात, फांदीत. आग लागली, दुष्काळात झाड मेलं, की तो पुन्हा हवेत. कोरड्या मुलखात मातीतली तिजोरी जास्त भरवशाची. आणि आता हवामान कसं झालंय ते आपण भोगतोय. महिनाभर पाऊस नाही, मग महिन्याचा पाऊस दोन दिवसांत. उघड्या रानातली माती लाल पाणी होऊन वाहते. दाट गवताचा माळ तेच पाणी अडवतो, जिरवतो. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. २०१९ साली गावोगाव चारा छावण्या लागल्या. छावणी कुणाच्या नावावर निघते आणि चाऱ्याचं बिल कोण खातं, हे सांगायला नको. गावाला स्वतःचं गवत असतं तर छावणीवाल्या पुढाऱ्याचं दुकान बंद पडलं असतं. गवताला शत्रू का आहेत, याचं एक कारण इथे मिळतं.

दुसरं कारण जुनं आहे. माळ कुणाचा, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८३ सालीच विचारला. शेतकऱ्याचा असूडमध्ये त्यांनी जंगलखात्याची सालटी काढली आहेत. गरिबाची शेळी, गरिबाची गाय ज्या रानात चरत होती ते रान सरकारने गिळलं, ही त्यांची तक्रार. आज पर्यावरण पर्यावरण करणाऱ्यांच्या पुस्तकात जोतीरावांचं नाव येत नाही. येईल कसं? त्यांचं पर्यावरण बाल्कनीतल्या कुंडीपासून सुरू होतं.

आणि त्या गावकीत आपला वाटा काय होता? वतनदार महार! नावाला वतन, कामाला वेठ. साहेबाचा, मामलेदाराचा तळ पडला की घोड्यांना गवत आणायचं महाराने. लाकडं फोडायची महाराने. सांगावा पोचवायचा महाराने. गायरान सगळ्या गावाचं म्हणायचं, आणि चरायच्या तिथे कुणाच्या गाई? गाय जिवंत असेपर्यंत पाटलाची, मेली की महाराची. गवत खाऊन दूध झालं ते वाड्यात गेलं, हाडं-कातडं झालं ते आमच्या पाठीवर आलं. बाबासाहेबांनी मेलेलं ढोर ओढू नका म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी या व्यवहाराची दोरीच तोडली. १९२८ साली त्यांनी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारं बिल मांडलं. १९४७ साली स्टेट्स अँड मायनॉरिटीजमध्ये त्यांनी मागितलं की सरकारच्या ताब्यातली बिनलागवडीची जमीन आमच्या स्वतंत्र वसाहतींसाठी द्या. पडीक शब्दाची त्यांनी उलटीच चाल केली : तुम्हाला नको ना, मग आम्हाला द्या, आम्ही माणूस म्हणून तिथे उभे राहू.

दादासाहेब गायकवाडांनी ती मागणी रस्त्यावर आणली. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह. मग ६ डिसेंबर १९६४ पासून देशभरचा सत्याग्रह, लाखोंनी तुरुंग भरले, बायका तान्ही पोरं घेऊन आत गेल्या. पुढे मराठवाड्यात एकनाथ आवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी गायरानाची लढाई गावागावांत नेली. या लढायांतून दोन सरकारी ठराव पदरात पडले, १९७८ चा आणि १९९१ चा. १९९१ च्या ठरावाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचं कबूल केलं. बाबासाहेबांच्या शताब्दीची तारीख टाकली, भाषणं झाली, हार घातले. आणि सातबारा? कित्येकांच्या हातात आजपर्यंत नाही. आजा कसत मेला, बाप कसत मेला, नातू दंड भरतोय. उभ्या पिकात जनावरं सोडणं, विहीर बंद करणं, बहिष्कार टाकणं, हे सगळं भोगून ज्यांनी मुरमाड माळातून चार पायल्या बाजरी काढली, त्यांचं सरकारी नाव : अतिक्रमणदार.

म्हणून आज कुणी कोट घातलेला माणूस येऊन म्हणाला की गवताळ परिसंस्था वाचवायची आहे, तर आपल्या पोटात गोळा येतो. तो गोळा खोटा नाही. सोलापूरच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर! गावं आत, शेतं आत, रस्ते आत. कुणाला खरेदी-विक्री करता येईना, लोक पक्ष्याचं नाव काढलं की चवताळायचे. मग ते छाटून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. माळढोक वाचला का? बोटं मोजायची वेळ आली. कागद मोठा, पक्षी गायब, माणूस दुश्मन. लोकांना वगळून निसर्ग वाचवायचा म्हणजे काय होतं, त्याचा हा धडा.

दुसरा तमाशा झाडांचा. राज्यात २०१६ साली दोन कोटी झाडं लावायची घोषणा झाली, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी, २०१९ साली तेहतीस कोटी. तेहतीस कोटी देव होतेच, आता तेहतीस कोटी रोपं. ती लावायला जागा कुठली? बागायतदाराचा ऊस उपटून लावणार होते काय? माळावर खड्डे मारले. जिथे शेकडो वर्षांचं गवताचं मूळ होतं तिथे खोदाई करून गिरिपुष्प टोचलं. झाड जगलं तर सावलीने गवत मेलं, झाड मेलं तर खड्डा राहिला. फोटो मात्र सगळ्यांचा निघाला. दिल्लीजवळ २०१९ च्या वाळवंटीकरणाच्या जागतिक परिषदेत भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर खराब झालेली जमीन सुधारायचं वचन दिलं. २०२३ साली ग्रीन क्रेडिटची योजना आली : कंपनीने उजाड म्हटलेल्या जमिनीवर झाडं लावावीत आणि बदल्यात पुण्य जमा करून घ्यावं. उजाड कोण ठरवणार? तोच खडू, तोच हात.

आणि सौर ऊर्जा. आमचा सौर ऊर्जेला विरोध नाही. कोळशाच्या धुराने पहिला दम लागतो तो चाळीतल्या माणसाला, गच्चीवरच्याला नाही. पण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमीन, त्यात गायरानही, नाममात्र भाड्याने पॅनेलला द्यायचं ठरतं तेव्हा कुणाला परिसंस्था आठवत नाही. भूमिहीनाने एक एकर नांगरली तर गवताचा खून, कंपनीने पन्नास एकरांवर लोखंड रोवलं तर विकास. हा कुठला न्याय?

पडीक हा शिक्का बदलता येतो का? येतो. पुरावा लांब नाही, आपल्या ऐरोलीतच आहे. खाडीचा हा चिखल एकेकाळी असाच निरुपयोगी ठरवलेला होता. भराव टाका, प्लॉट पाडा, विका. कांदळवन म्हणजे झुडपं, डासांचं घर. मग २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी केली. २०१५ साली ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ साली तो जगाच्या रामसर यादीत गेला. चिखल तोच, खाडी तीच. शब्द बदलला. आज ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, लोक तिकीट काढून गुलाबी पक्षी बघतात. चांगली गोष्ट आहे, आम्हालाही तो पक्षी आवडतो. पण या गोष्टीची दुसरी बाजूही लिहून ठेवा. खाडीकाठची झोपडी पटकन तुटली, मोठ्याचा भराव न्यायालयात वर्षानुवर्षं वकिलांच्या कोटाला लटकून राहिला. जाळं टाकणाऱ्या कोळ्याला विचारायला सगळे विसरले. चिखलाची किंमत वाढली, चिखलात पाय असलेल्याची नाही.

माळाच्या बाबतीत आता तेच सुरू होणार आहे. पुणे जिल्ह्यात कडबनवाडीला, शिर्सुफळला गवताळ सफारी निघाली. लांडगा, खोकड, चिंकारा, चंडोल बघायला शहरातल्या गाड्या जातात. वनखात्यातही आता काही जण उघड म्हणतात की माळावर झाडं लावू नका. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून ठरवलं. म्हणजे पडीक शब्द मोडायला लागलाय. आपण आनंद मानायचा की सावध व्हायचं? दोन्ही. जी वस्तू फुकट होती तिला भाव आला की तिच्याजवळ राहणाऱ्या गरिबाला हाकलतात, हा शहरात राहून शिकलेला आपला धडा आहे.

इथे आपल्याच माणसांना एक अवघड गोष्ट सांगायची आहे. टाळ्या मिळणार नाहीत, तरी सांगायची आहे. माळ नांगरला की गवताचं मूळ तुटतं, आणि ते सहजासहजी परत येत नाही. पावसाने दडी मारली की मुरमाड माळावरची बाजरी हाताला लागत नाही आणि गवतही गेलेलं असतं. दोन शेळ्या बाळगणारी म्हातारीही आपलीच आहे. तिला चरायला रान लागतं. मेंढरं घेऊन येणारा धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातो, परत येतो तेव्हा त्याच्या वाटेत नांगरट असते. मग तो आणि आपण एकमेकांच्या डोक्यात काठ्या घालतो. पाटील ओट्यावर बसून बघतो. ही भांडणं लावलेली आहेत. बागायत, नदीकाठ, कालव्याखालचं काळं रान यांच्या घशात. कमाल जमीन धारणेचा कायदा कागदात. आणि भूमिहीन, धनगर, लांडगा, माळढोक या चौघांना एका मुरमाड तुकड्यावर सोडून म्हणायचं, लढा. आम्ही ही झुंज खेळायला नकार देतो.

दलिताला जमीन द्यायची तर फक्त पडीकच का? हा प्रश्न आजपासून मोठ्याने विचारायचा. ज्याने पोटासाठी गायरान कसलं, त्याचा तुकडा त्याच्या नावावर झालाच पाहिजे, तो आपल्या रक्ताचा हिशेब आहे. पण पुढच्या पिढीची भूक राहिलेल्या माळावर ढकलून जमीनदाराला मोकळं सोडायचं नाही. वरकड जमीन काढा. देवस्थानांच्या, कारखान्यांच्या, पुढाऱ्यांच्या ताब्यातली काढा. माळ गवताला राहू द्या, आणि गवताचा मालक भूमिहीनाला करा.

गवत परत येतं का? येतं. त्याला रॉकेट लागत नाही. पहिलं म्हणजे खड्डे मारणं बंद. वेडी बाभूळ, गिरिपुष्प मुळासकट काढायचं. नुसतं तोडलं तर दुप्पट फुटतं. जवळच्या जुन्या माळावरून त्याच भागातल्या गवताचं बी पावसाळा सरल्यावर खुडून ठेवायचं, पुढच्या पावसाच्या तोंडावर टाकायचं. कोवळ्या गवतावर जनावर घालायचं नाही, माळाचे तुकडे पाडून पाळीपाळीने चारायचं. बी पडून गेल्यावरच विळा लावायचा. उतारावर लहान बांध घालायचे. ही सगळी कामं हाताची आहेत, खुरप्याची आहेत, डोळ्यांची आहेत. ती कुणाला येतात? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या भारे बांधायला लावलं त्यांना. काल ते वेठ होतं. उद्या ते रोजगार हमीच्या पूर्ण मजुरीचं काम झालं पाहिजे, आणि वर आलेल्या गवतावर त्याच हातांचा हक्क. १९७२ च्या दुष्काळातून या राज्यात रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. तेव्हा आपल्या लोकांनी खडी फोडली, रस्ते केले, त्या रस्त्यांवरून दुसऱ्यांचा ऊस गेला. आता माळ उभा करू, पण त्यावरून आपलं जनावर गेलं पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या. १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या सर्व पात्र भूमिहीनांना सातबारा द्या, नंतरच तोंडातून परिसंस्था शब्द काढा. पर्यायी जागा दिल्याशिवाय एकही घर पाडू नका. उरलेल्या गायरानाची राखण ग्रामपंचायतीतल्या दोन-चार घराण्यांकडे देऊ नका. भूमिहीन बायका, धनगर, शेळीवाले यांची समिती करा आणि चाऱ्याचा पहिला हक्क त्यांचा ठेवा. माळावर झाडं लावायचे करार रद्द करा. गायरान कुठल्याही कंपनीला देण्यापूर्वी त्यावर जगणाऱ्यांची संमती घ्या. वनहक्क कायदा २००६ साली आला, पण बिगर-आदिवासींना त्यात तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागतात. ज्यांना गावाने घराचा उतारा दिला नाही ते पंचाहत्तर वर्षांचा कागद कुठून आणणार? आणि गायरान महसुलाचं, वनाचं नाही, म्हणून तो कायदा तिथे पोचतही नाही. गायरानासाठी वेगळा हक्काचा कायदा करा.

आता तुमचं काम. तुम्ही ऐरोलीत मॉलमध्ये सिक्युरिटीला उभे राहत असाल, डेटा सेंटरमध्ये हाउसकीपिंग करत असाल, कॉलेजात जात असाल, डिलिव्हरीची पिशवी पाठीवर मारत असाल. सुट्टीला गावी जाल तेव्हा नुसती पुरणपोळी खाऊन परत येऊ नका. तलाठ्याकडून गावच्या गायरानाचा सातबारा काढा. गाव नमुना १-ई मागा; ती अतिक्रमणाची नोंदवही, त्यात आपल्या माणसाचं नाव कुठल्या साली चढलं ते बघा. घरात पेटीच्या तळाशी दंडाच्या जुन्या पावत्या असतील, त्यांचे फोटो काढून ठेवा. ज्या पावतीने तुम्हाला चोर ठरवलं, तीच पावती तुम्ही तिथे होता याचा पुरावा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा धाक दाखवतात ना? त्याच निकालात लिहिलंय की सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेली जमीन अपवाद म्हणून नियमित करता येईल. हे वाक्य तहसीलदारापुढे वाचून दाखवा. निकालाचं अर्धं पान वाचणाऱ्यांना पुरं पान वाचायला लावा.

आणि आजीजवळ बसा. माळावर कुठलं गवत कुठे होतं, कधी कापायचे, कुणाच्या गुरांना जायचं, तिने भारा किती आण्याला विकला, सगळं वहीत उतरवा. ती वही म्हणजे आपला सातबारा. उद्या कुणी गवताचा तज्ज्ञ म्हणून गावात उतरला तर त्याला म्हणा, साहेब, बसा, आमची आजी शिकवील. फी लागेल.

ज्यांनी आम्हाला आणि माळाला एकाच खडूने फुली मारली, त्यांना एवढंच सांगणं आहे. वरचं जाळलंत, चारलंत, कापलंत, नांगरलंत. मूळ खाली आहे. पाऊस कमी होईल, ऊन वाढेल, तुमची लॉन करपतील. तेव्हा या मुलखात टिकण्याची विद्या ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या दारात तुम्हाला यावं लागेल. येताना नोटीस आणू नका. सातबारा आणा.